ओटी, मिस्त्री आणि इसाराचे पैसे

आमच्या भिवंडीच्या घराला 1979 ते 1981 अशी दोन वर्षं अर्धी ओटी होती. अर्धी म्हणजे जोतं होतं, चार खांब उभे होते आणि वर आकाश होतं. दोन पावसाळे आम्ही त्या उघड्या जोत्यावर प्लास्टिकचा कागद ताणून काढले. आजी त्या काळात कुणी घराची चौकशी केली की म्हणायची, "आमची ओटी अजून पोटात आहे." शेजारच्या बायका हसायच्या, वडील मात्र हसत नसत. कारण त्यांनी कंत्राटदाराला छपराचे पैसे आधीच दिले होते.

त्या पैशांची हकिगत पुढे सांगणारच आहे. पण घरासमोर चार खांब उभे करण्याइतक्या छोट्या कामात घरमालक आणि कारागीर यांच्यातला विश्वास नेमका कुठे मोडतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. त्याचं उत्तर शोधताना मी भिवंडीच्याच इतिहासात बराच मागे गेलो.

घाटावर ज्याला ओसरी म्हणतात त्याला आपण कोकणात ओटी म्हणतो. तिच्या कडेला उतरत्या छपराची ती पडवी. ओटी हा घराचा अर्धा सार्वजनिक भाग. पाहुणा तिथवर न विचारता येतो, भाताची पोती तिथे उतरतात, म्हातारी माणसं तिथे दुपार काढतात. भिवंडीत तिला आणखी एक काम होतं. हातमागाच्या दिवसांत विणकरांच्या घरी सूत उकलणं, कांड्या भरणं ही कामं दारापुढच्या सावलीत बसून होत. यंत्रमाग आले आणि माग घराबाहेरच्या शेडमध्ये गेले. 1982 साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, तिथलं कापडाचं काम इकडे वळलं आणि जागेला भाव आला. मग कितीतरी ओट्यांना पुढून भिंत घातली गेली. ओटी गेली, खोली आली, भाडं सुरू झालं.

व्हरांडा हा शब्द आपल्याकडे इंग्रजांमुळे रुळला असं वाटतं, पण तो त्याहून जुना. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या 1498 सालच्या वृत्तांतात तो येतो. तो मुळात पोर्तुगीज की आपल्याकडचा, यावर पंडितांचे वाद आहेत, आपण त्यात पडायला नको. मिस्त्री या शब्दाबद्दल मात्र फारसा वाद नाही. पोर्तुगीज 'मेस्त्रे', म्हणजे उस्ताद, यावरून तो आला असं मानतात. 1534 ते 1739 अशी दोन शतकं वसई पोर्तुगीजांकडे होती आणि वसई भिवंडीपासून कितीशी लांब? खाडीने गेलं तर एका भरतीचा हिशेब. चर्च, कोट, घरं बांधणारे मेस्त्रे तिथे होते. शब्द माणसांबरोबर खाडी चढून आला असेल, तर नवल नाही.

आणि इथेच मला आमच्या अर्ध्या ओटीचा पूर्वज सापडला.

शिवाजी महाराजांनी 1657 च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीवर जहाजं बांधायला काढली. लाकूड होतं, खाडी होती, सुतारही होते, पण लढाऊ जहाजाची विद्या जाणणारे मेस्त्रे हवे होते. ते पोर्तुगीजांकडून आले. रुय लैतांव व्हियेगस नावाच्या माणसाच्या हाताखाली सुमारे 340 माणसं 1659 च्या सुमारास या कामावर होती. हे वसईच्या पोर्तुगीज कप्तानाच्या लक्षात आलं, तेव्हा त्याला घाम फुटला. आज सिद्दीविरुद्ध म्हणून बांधलेलं आरमार उद्या आपल्याच दारात उभं राहील, हे त्याने ओळखलं. त्याने व्हियेगसची समजूत घातली आणि ती सगळी मंडळी काम टाकून निघून गेली.

एवढं मोठं राज्य उभं करणाऱ्या माणसाचाही कंत्राटदार अर्ध्यात पळाला, हे वाचलं त्या दिवशी मला वडिलांबद्दलचा राग निम्मा कमी झाला. अर्थात आरमार काही थांबलं नाही. मेस्त्रे गेले तरी इथल्या सुतारांच्या हातात जे काम आलं होतं ते आलंच होतं. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जहाजांच्या लाकडाबद्दल जे नियम येतात, ते वाचण्यासारखे आहेत. सागवान वगैरे लागेल ते परवानगीने तोडावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. झाड जुनं झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. माल कुणी आणायचा, कुणाच्या जिवावर आणायचा आणि पैसे कधी द्यायचे, हे तीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहावं लागलं. बांधकामातली भांडणं तेव्हाही तिथूनच सुरू होत असली पाहिजेत.

आता गावातली रीत बघा. बलुतेदारांत सुतार आहे. नांगर, कुळव, गाडीचं चाक यांची दुरुस्ती तो वर्षभर करी आणि सुगीला खळ्यावरून धान्य नेई. पण नवं घर बांधणं त्या बलुत्यात बसत नसे. त्याची मजुरी निराळी ठरवावी लागे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ओळखीचा सुतारसुद्धा घराच्या कामापुरता परका होई आणि त्याच्याशी बोलणी करावी लागत. या बोलण्यांसाठी मराठीत शब्दांची काय श्रीमंती आहे! रोजावर दिलं तर रोजंदारी. सगळं काम एका रकमेत ठरवलं तर उक्तं. कोकणात आणि मुंबईकडे मक्ता, मराठवाड्यात गुत्ता, शिवाय ठेका आहेच. आगाऊ दिला तो इसार. एवढे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेतल्या लोकांनी या व्यवहारात बरंच सोसलं असणार.

रोजंदारीत काम लांबतं, उक्त्यात काम पातळ होतं. ही गोष्ट आजीला ठाऊक होती, तिने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. पण जुन्या लोकांनी त्यावर एक तोडगा काढला होता असं मला वाटतं आणि तो आपण धार्मिक विधी समजून विसरून गेलो. भूमिपूजनाला पहिली दक्षिणा. मुख्य दाराची चौकट उभी राहिली की पूजा, सुताराला नारळ, कापड आणि पैसे. आढं चढलं की पुन्हा मान. म्हणजे पैसे तारखेवर जात नसत, कामाच्या उंचीवर जात. चौकट उभी नाही तर नारळ नाही, आणि नारळ नाही तर सुताराचा मान राहत नाही. चारचौघांसमोर, गुरुजींच्या साक्षीने झालेला तो हप्ताच होता. हा माझा तर्क आहे, पण हिशेब मात्र बरोबर जुळतो.

कंत्राटदार नावाचा तिसरा माणूस मोठ्या प्रमाणावर आला तो रेल्वेबरोबर. 1853 साली गाडी ठाण्याला आली, 1854 मध्ये कल्याणला. विलायती कंत्राटदारांबरोबर जमशेटजी दोराबजींसारखे पारशी कंत्राटदारही त्या कामात पुढे आले. पण बोरघाटात काय झालं ते ऐका. तिथलं काम विल्यम फॅव्हिएल याच्याकडे होतं. मजुरी थकली आणि 1859 च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. फॅव्हिएलला काम सोडावं लागलं. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, इंजिनिअर नेमून पुरं करवून घेतलं. 1863 साली घाटातून गाडी धावली. घाटात उतरणारी गाडी पकडताना तिची आठवण किती जणांना येते कोण जाणे. मालक आणि मजूर यांच्यामध्ये कंत्राटदार उभा राहिला, की मालकाने दिलेला रुपया मजुराला पोचलाच असं धरता येत नाही, हे बोरघाटात दिसलं. 1872 साली कराराचा कायदा आला. त्यात तोंडी करारही चालतो. अडचण एवढीच, की कोर्टात तोंडाला साक्षीदार लागतो.

आता आमच्या ओटीकडे येतो. 1979 साली सिमेंट खुल्या बाजारात सहज मिळत नव्हतं. सरकारी नियंत्रण होतं, परमिट लागायचं. सिमेंटच्याच प्रकरणावरून पुढे 1982 च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, त्यावरून त्या पोत्यांची किंमत कळावी. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि पूर्ण उठायला 1989 उजाडलं. तर आमच्याकडे आलेला कंत्राटदार, त्याचं नाव सांगत नाही, म्हणाला, "शेठ, सिमेंट माझ्यावर सोडा. फक्त पैसे हातात असले पाहिजेत, माल उभ्याउभ्या उचलावा लागतो." वडिलांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं. टंचाईच्या काळात जो माल मिळवतो तो कारागीर नसला तरी मालक होतो. जोतं झालं, खांब झाले आणि मग सिमेंट 'उद्या' येऊ लागलं. मृगाचा पाऊस आला तेव्हा कंत्राटदाराच्या घराला कुलूप होतं.

त्याने लुबाडलं, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. आज थोडा विचार करतो तेव्हा वाटतं, त्याचे पैसेही पुढे कुणाकडे तरी परमिटासाठी अडकले असतील. पण हे आजीला सांगायची माझी छाती झाली नसती.

ओटी शेवटी पुरी केली ती एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. त्याला आम्ही मुलं मामा म्हणायचो. त्याने सिमेंटचं नावच काढलं नाही. आधी ओळंबा सोडून चारही खांब तपासले, एक खांब पाडायला लावला आणि मग वडिलांना म्हणाला, "भाऊ, लाकूड तुम्ही आणा, कौलं तुम्ही आणा. मी फक्त हात आणतो." सागाच्या तुळया, वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं. ही कौलं बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कारखाना काढून आपल्या किनाऱ्यावर आणली आणि कुंभाराच्या नळीच्या कौलांचा धंदा हळूहळू बसवला. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौलं लागतात. मामाने हिशेब बोटांवर केला आणि वीस कौलं जास्त सांगितली, फुटीसाठी. त्यातली अकरा अजून परसात आहेत. पैसे तो शनिवारी घ्यायचा, झाल्या कामापुरते.

ती ओटी चाळीस वर्षं टिकली. मग वाश्यांना वाळवी लागली.

2020 च्या सप्टेंबरात भिवंडीत जिलानी नावाची इमारत पहाटे कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर आमच्या आळीत प्रत्येक जण आपल्या घराच्या खांबाला टिचकी मारून बघू लागला. आमच्याही ओटीचा प्रश्न निघाला आणि काम 2023 च्या एप्रिलात काढलं. या वेळी निर्णय माझा होता, पैसे माझे होते आणि भीती वडिलांची होती.

तीन कंत्राटदार बोलावले. पहिल्याने पाच मिनिटांत आकडा सांगितला, टेप न लावता. दुसऱ्याने स्लॅब टाका म्हणून गळ घातली. वर उद्या खोली चढवता येईल म्हणाला. जुन्या जोत्याला तो भार पेलेल का, असं विचारलं तर म्हणाला, "सगळे टाकतात, साहेब." तिसरा तरुण होता. त्याने गुडघ्यावर बसून जोत्याच्या कडेला हात घातला, माती काढून वास घेतला आणि पाणी कुठून निघतं ते विचारलं. काम मी त्याला दिलं. नुसती कौलं बदलणं वेगळं आणि ओटी पुढे वाढवणं वेगळं, वाढवायची तर महापालिकेची परवानगी लागेल, हेही त्यानेच सांगितलं. आम्ही जुनं माप सोडलं नाही.

वहीच्या एका पानावर आम्ही लिहिलं. माल माझा, मजुरी उक्ती. लाकडाची जात आणि जाडी, खांबाखालचा दगड, वळचण जोत्याच्या किती पुढे, हे सगळं फूट-इंचांत. इसार थोडा. दुसरा हप्ता खांब ओळंब्यात आल्यावर. तिसरा आढं चढल्यावर, नारळासकट. उरलेला पाचवा हिस्सा मी पहिल्या मोठ्या पावसानंतर देणार होतो, पागोळ्या जोत्याच्या बाहेर पडताना दोघांनी उभं राहून बघितल्यावर.

त्या शेवटच्या ओळीवर तो अडला. "पाऊस लांबला तर?"

"मृग सात-आठ जूनला लागतोच की," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि सही केली. काम मेअखेर झालं. आणि त्या वर्षी नेमका पाऊस रुसला. मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं वेधशाळेने जाहीर केलं ते 25 जूनला. पंधरवडाभर त्याचा रोज सकाळी फोन. पहिल्या दिवशी हसत, पाचव्या दिवशी जरा कमी हसत, दहाव्या दिवशी नुसतं "आभाळ कसं आहे तिकडे?" माझ्या हातात पैसे तयार होते, त्याच्या मजुरांचे त्याच्याकडे थकले असतील हे मला कळत होतं आणि वहीतली ओळ मीच लिहून घेतली होती. बाराव्या दिवशी मी निम्मे देऊन टाकले. बायको म्हणाली, "शेवटी वडिलांवरच गेलात."

पाऊस सुरू झाला त्या संध्याकाळी तो स्कूटरवरून भिजत आला. ओटीवर चढला नाही. अंगणात पावसातच उभा राहून वळचणीकडे बघत राहिला. पागोळ्या जोत्यापासून वीतभर पुढे पडत होत्या. डाव्या कोपऱ्यातल्या एका कौलाखालून मात्र थेंब आत येत होता. त्याने तो माझ्या आधी पाहिला. "सकाळी येतो," म्हणाला, "आणि साहेब, ते जास्तीचं कौल ठेवलंय ना परसात?"