समोरचा संघ पुढे काय करणार? अमेरिकन हायस्कूल फुटबॉलमधलं स्काउटिंग आणि गेम प्लॅन

अमेरिकेत ऑगस्टच्या अखेरीपासून दर शुक्रवारी रात्री गावोगावच्या हायस्कूलमध्ये फुटबॉलचे सामने रंगतात. खेळणारी मुलं १४ ते १८ वर्षांची. कोचही बऱ्याच ठिकाणी त्याच शाळेत दिवसभर वर्ग घेणारे शिक्षक. तरीही सामन्याआधी समोरच्या संघाचा जो अभ्यास होतो, तो पाहून डेटावर काम करणाऱ्या माणसालाही कौतुक वाटतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला या खेळात रस निर्माण झाला तो याच अभ्यासामुळे.

या अभ्यासाला म्हणतात स्काउटिंग, आणि त्यातून जी आखणी तयार होते ती म्हणजे गेम प्लॅन. फोनवर एखादं अॅप तुम्हाला पुढचा व्हिडिओ सुचवतं, त्यामागचाच हा विचार आहे: आधी काय केलं ते बघायचं आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा. फरक इतकाच की इथे अंदाज वापरायला काही सेकंद मिळतात आणि तो वापरणारा असतो सोळा वर्षांचा मुलगा. हे सगळं कसं चालतं ते टप्प्याटप्प्याने पाहूया.

आधी खेळ समजून घेऊ

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नाही. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू, मैदान १०० यार्ड लांब. बॉल ज्यांच्याकडे आहे त्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ४ संधी मिळतात. प्रत्येक संधीला 'डाऊन' म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा नव्याने ४ डाऊन.

महत्त्वाची गोष्ट अशी की हा खेळ सलग चालत नाही. एक प्ले साधारण पाच-सहा सेकंदांचा असतो, मग शिट्टी, मग पुन्हा मांडणी. म्हणजे प्रत्येक प्ले हा एक वेगळा तुकडा. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबलमधली एक रो! क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद ठेवता येते, तसंच हे. म्हणूनच हा खेळ डेटात मांडायला इतका सोपा जातो.

आक्रमण करणाऱ्या संघापुढे मुख्य पर्याय दोन: बॉल हातात घेऊन पळायचं (रन) किंवा फेकायचा (पास). बचाव करणाऱ्याला हे आधी कळलं तर अर्धं काम झालं.

फिल्म येते कुठून?

प्रतिस्पर्ध्याची फिल्म बघून तयारी करण्याची पद्धत फार जुनी आहे. ती शिस्तीने वापरणाऱ्यांत पॉल ब्राउन यांचं नाव पुढे येतं. पुढे ते व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजले, पण त्याआधी १९३२ ते १९४० या काळात ते ओहायोमधल्या मॅसिलॉन इथे हायस्कूलचे कोच होते.

त्यानंतर कित्येक दशकं दोन शाळांचे कोच आपापल्या सामन्यांची रिळं अदलाबदल करायचे. नंतर व्हीएचएस कॅसेट आल्या, मग डीव्हीडी. शनिवारी सकाळी गाडी काढायची, दोन गावांच्या मध्ये कुठेतरी भेटायचं, 'तुमची घ्या, आमची द्या' करायचं आणि परत फिरायचं.

हे चित्र बदललं ते हडल या सॉफ्टवेअरने. नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात २००६ साली, तिथल्याच विद्यापीठात शिकलेल्या तिघांनी ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला ग्राहक होता विद्यापीठाचाच संघ, नंतर हायस्कूल हीच त्यांची मोठी बाजारपेठ झाली. आता सामना संपला की व्हिडिओ अपलोड होतो आणि अदलाबदल फोनवरून होते. अनेक ठिकाणी पुढच्या प्रतिस्पर्ध्याला किती सामन्यांची फिल्म द्यायची, याचा नियम लीगच ठरवून देते.

चित्रीकरण शक्यतो दोन कोनांतून होतं. एक कॅमेरा मैदानाच्या बाजूला उंचावर, म्हणजे २२ खेळाडू एका फ्रेममध्ये दिसतात. दुसरा गोलपोस्टच्या मागे उंच खांबावर, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या खेळाडूंमधल्या फटी दिसतात. टीव्हीवर जसा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो तसा इथे चालत नाही, कारण कोचला बॉलपेक्षा बाकीचे २१ जण काय करतात ते हवं असतं.

टॅगिंग: खरं काम इथे आहे

नुसता व्हिडिओ म्हणजे डेटा नव्हे. प्रत्येक प्लेसमोर कॉलम भरावे लागतात. साधारण हे असतात:

- डाऊन आणि अंतर: कितवा डाऊन आणि अजून किती यार्ड हवेत.
- यार्ड लाइन: आपल्या अर्ध्या भागात असेल तर उणे, समोरच्याच्या भागात असेल तर अधिक. म्हणजे -२० आणि +२० या मैदानावरच्या दोन वेगळ्या जागा.
- हॅश: बॉल मैदानाच्या डावीकडे ठेवला होता, उजवीकडे की मध्ये.
- पर्सनेल: दोन अंकी कोड. पहिला अंक रनिंग बॅक किती, दुसरा टाइट एंड किती. म्हणजे '२१' हा एकवीस नाही, तर 'दोन आणि एक'.
- फॉर्मेशन: खेळाडू कसे उभे होते.
- प्ले आणि निकाल: रन की पास, कुठल्या बाजूला, किती यार्ड मिळाले.

यातला हॅश कॉलम हायस्कूलमध्ये फार महत्त्वाचा. मैदानाची रुंदी १६० फूट. हायस्कूलच्या नियमात हॅशच्या दोन रेषा तिचे तीन समान भाग करतात. म्हणून बॉल एका हॅशवर असेल तर एका बाजूला सुमारे ५३ फूट जागा राहते आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ १०७ फूट. एनएफएलमध्ये या रेषांमध्ये जेमतेम साडेअठरा फुटांचं अंतर असतं, त्यामुळे दोन्ही बाजू जवळपास सारख्याच पडतात. हायस्कूलचा कोच मोकळ्या बाजूला पळतो की अरुंद बाजूला, ही त्याची सवय असते आणि ती पकडता येते.

एक अट मात्र आहे. एका कोचने ज्या फॉर्मेशनला 'ट्रिप्स' लिहिलं त्याला दुसऱ्याने 'ट्रे' लिहिलं, तर फिल्टर लावल्यावर अर्ध्या रो गायब! डेटा क्लीनिंगचा जो त्रास आपल्याला ऑफिसात होतो तोच इथे रविवारी दुपारी होतो. म्हणून चांगले संघ आधी नावांची यादी ठरवतात आणि मगच टॅगिंगला बसतात.

टक्केवारीवर किती विश्वास ठेवायचा?

टॅगिंग झालं की रिपोर्ट निघतो: 'तिसरा डाऊन, ७ पेक्षा जास्त यार्ड, अमुक फॉर्मेशन, तर पास ८० टक्के.' याला टेंडन्सी म्हणतात, म्हणजे संघाची सवय.

आता जरा हिशेब करूया. समजा, चार सामन्यांची फिल्म आहे आणि प्रत्येकात आक्रमणाचे ५५ प्ले. एकूण २२० रो. त्यातले तिसऱ्या डाऊनचे लांब अंतराचे निघतील २५-३०. त्यात एकच फॉर्मेशन घेतलं आणि उजवा हॅश घेतला, तर हातात राहतील ५. त्या पाचपैकी ४ पास असतील तर स्क्रीनवर दिसणार ८० टक्के.

पण साधं नाणं ५ वेळा उडवलं तरी ४ किंवा ५ वेळा छापा पडण्याची शक्यता जवळपास १९ टक्के असते. म्हणजे हे ८० टक्के निव्वळ योगायोगही असू शकतात. तेच २५ पैकी २० पास असतील तर? नाण्यावर असं होण्याची शक्यता ५०० मध्ये साधारण एकदा. ही मात्र खरी सवय म्हणायची.

स्क्रीनवर दोन्हीकडे ८०च दिसतं. म्हणून टक्केवारीशेजारी 'कितीपैकी' हा आकडा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. फिल्टर जितके जास्त, तितका डेटा कमी.

दुसरी गोष्ट संदर्भाची. २८ गुणांनी मागे पडलेला संघ सतत बॉल फेकणारच, ती त्याची सवय नव्हे, नाइलाज आहे. असे प्ले वेगळे काढावे लागतात. तसंच, मागच्या सामन्यातला बचाव तुमच्यासारखा नसेल तर त्या सामन्यातली उत्तरं तुम्हाला लागू होतीलच असं नाही.

टेबलमध्ये न मावणारं

काही गोष्टी डोळ्यांनीच दिसतात. पुढच्या फळीतला खेळाडू हात जमिनीला टेकवून बसतो. पुढे ढकलायचं असेल, म्हणजे रन असेल, तर काही मुलं हातावर जास्त भार देतात. मागे सरकून क्वार्टरबॅकला वाचवायचं असेल तर भार टाचांवर जातो. त्यांना स्वतःला याचा पत्ताही नसतो. एखादा रिसीव्हर पास त्याच्याकडे येणार नसेल तर सुस्त उभा राहतो. असा इशारा एका मुलाबद्दल सापडला, तरी तो तीन फिल्टरच्या रिपोर्टपेक्षा उपयोगी ठरू शकतो, कारण तो मैदानावर त्या क्षणी समोर दिसतो.

सात दिवसांचं वेळापत्रक

शुक्रवारी सामना झाला की शनिवारी आपली फिल्म बघणं आणि पुढच्या संघाची मिळवणं. रविवारी टॅगिंग आणि रिपोर्ट. सोमवारी मुलांना ओळख करून देणं. मंगळवार-बुधवार सराव. यात 'स्काउट टीम' असते. बदली खेळाडू कार्डावरची चित्रं बघून प्रतिस्पर्ध्याचे प्ले हुबेहूब चालवतात. गुरुवारी हलकी उजळणी, शुक्रवारी सामना.

कोचच्या हातात असते कॉल शीट: परिस्थितीनुसार प्लेची यादी. तिसरा डाऊन आणि थोडे यार्ड, गोललाइनजवळ, दोन मिनिटं शिल्लक, असे कप्पे पाडलेले. सुरुवातीचे काही प्ले आधीच क्रमाने ठरवून ठेवायची पद्धत एनएफएलचे कोच बिल वॉल्श यांच्यामुळे गाजली. हायस्कूलचे अनेक कोचही ती वापरतात. फायदा दुहेरी: घाईत निर्णय घ्यावा लागत नाही आणि समोरचा कशाला कसं उत्तर देतो हे लवकर कळतं.

प्लॅन केवढा असावा?

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला खरा प्रश्न हाच. सॉफ्टवेअर ४० पानांचा रिपोर्ट काही सेकंदांत काढून देतं. पण मैदानावरच्या लाइनबॅकरला सोमवार ते गुरुवार शाळा आहे, गृहपाठ आहे, कदाचित एखादी चाचणीही आहे. फॉर्मेशन दिसल्यापासून बॉल हलेपर्यंत त्याच्याकडे काही सेकंद असतात. त्याने तेवढ्यात आठ टक्केवाऱ्या आठवायला घेतल्या, तर तो विचार करत उभा राहील आणि बॉल बाजूने निघून जाईल.

म्हणून चांगल्या गेम प्लॅनमध्ये कोच स्वतः २२० रो बघतो, पण मुलाला देतो दोन-तीन वाक्यं: 'टाइट एंड दोन आले तर रन, त्यांच्याच बाजूला.' 'मागचा खेळाडू क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा असेल तर पास आधी धर.' बाकी सगळं गाळायचं. डेटाचा उपयोग इथे माहिती वाढवायला नाही, कमी करायला होतो. आपण अॅप बनवताना मागची शंभर टेबलं लपवून युजरला एकच बटण दाखवतो, अगदी तसंच.

आणि हो, समोरचेही तुमची फिल्म बघतच असतात! म्हणून संघ स्वतःचाही रिपोर्ट काढतात. त्याला सेल्फ-स्काउट म्हणतात. आपलीच सवय ८० टक्क्यांवर गेलेली दिसली की मुद्दाम उलटा प्ले ठेवायचा.

काय चालतं, काय नाही?

अदलाबदल केलेली फिल्म बघणं सर्वमान्य आहे. सामना चालू असताना साइडलाइनवर टॅब्लेटवर व्हिडिओ बघण्यालाही हायस्कूल खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनएफएचएस या संस्थेने २०१३ पासून परवानगी दिली. पण मर्यादा ओलांडली की किंमत मोजावी लागते. २००७ मध्ये एनएफएलच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने समोरच्या कोचचे हातवारे चालू सामन्यात बंदी असलेल्या जागेवरून चित्रित केले. कोच बिल बेलिचिक यांना ५ लाख डॉलर दंड झाला आणि संघाने पहिल्या फेरीतली निवड गमावली. सवय ओळखणं हा अभ्यास, इशारे चोरणं ही फसवणूक.

स्वतः करून बघा

यूट्यूबवर हायस्कूलचे पूर्ण सामने सापडतात. एक निवडा, फोनवर गूगल शीट्स उघडा आणि वरचे कॉलम टाका. एकाच संघाचे ३० प्ले भरा. मग पिव्हट टेबलमध्ये डाऊन एका बाजूला आणि रन-पास दुसऱ्या बाजूला ठेवा. टक्केवारीशेजारी एकूण संख्येचा कॉलम नक्की ठेवा. आता ३१ वा प्ले सुरू होण्याआधी व्हिडिओ थांबवा आणि अंदाज लिहून ठेवा. पुढचे दहा प्ले असं केलंत की तुमची शीट किती पाण्यात आहे ते कळेल.