व्यवस्थापक हेमू अधिकारी

क्रिकेटच्या धावफलकावर ज्याच्या कामगिरीची नोंद कधीच होत नाही, असा एक गृहस्थ परदेशी जाणाऱ्या प्रत्येक संघाबरोबर असतो. त्यास व्यवस्थापक म्हणतात. पूर्वी भारतीय संघाच्या व्यवस्थापकाचे काम बहुतांशी कारभाऱ्याचेच असे. प्रवासाची तिकिटे, हॉटेलातील खोल्या, पैशांचा हिशेब, मेजवान्यांची निमंत्रणे आणि बातमीदारांस द्यावयाची मोघम उत्तरे एवढे सांभाळले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले. १९४६ व १९५२ या दोन्ही साली इंग्लंडला गेलेल्या संघांचे व्यवस्थापक पंकज गुप्ता हे होते, आणि त्यांची ख्याती मुख्यतः हॉकीचे संघटक म्हणून होती. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर लाला अमरनाथ यांच्यासारखा नाणावलेला खेळाडू या जागी आला खरा. परंतु त्यामुळे त्या पदाचे स्वरूप पालटले, असे म्हणता येत नाही. ते पालटलेले दिसले १९७१ साली, आणि ते ज्यांच्या हातून पालटले त्या लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांची कारकीर्द म्हणूनच निराळ्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यास झाला. क्रिकेट मात्र फुलले ते बडोद्यास, विजय हजारे व गुल महंमद यांच्यासारख्यांच्या सहवासात. केवळ क्रिकेटवर पोट भरणारा धंदेवाईक खेळाडू त्या काळी आपल्याकडे विरळाच. कोणी संस्थानिकाच्या पदरी असे, कोणी बँकेत अथवा रेल्वेत चाकरी करी. अधिकारी लष्करात होते. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली, आणि ब्रिस्बेन येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळावयास मिळाला तेव्हा, म्हणजे १९४७ च्या नोव्हेंबरात, त्यांनी अठ्ठाविशी ओलांडली होती.

त्यांच्या २१ कसोटी सामन्यांतील धावा ८७२ आणि शतक एकच. आकड्यांवरून पाहिले तर हा दुसऱ्या रांगेतील खेळाडू ठरेल. परंतु या धावा कोणत्या वेळी निघाल्या ते पाहिले की मत बदलावे लागते. १९४८ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडीजने दिल्लीस ६३१ धावांचा डोंगर रचला असता, खालच्या क्रमांकावर येऊन नाबाद ११४ धावा काढणारे हेच. १९५२ च्या ऑक्टोबरात भारत-पाकिस्तान यांच्यातील पहिलावहिला कसोटी सामना दिल्लीसच झाला. विनू मंकड यांनी दोन्ही डाव मिळून तेरा बळी घेतले, म्हणून तो सामना मंकडांच्या नावाने ओळखला जातो, आणि ते रास्तच आहे. तथापि त्याच सामन्यात अधिकारी (नाबाद ८१) आणि गुलाम अहमद (५०) यांनी अखेरच्या जोडीने १०९ धावा जोडल्या होत्या, ही गोष्ट विसरली जाते. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजास हाताशी धरून डाव लांबविणे हे कर्तबगारीइतकेच स्वभावाचेही काम आहे. जोडीदाराची कुवत ओळखून त्याच्याकडून तीहून थोडे अधिक करवून घ्यावे लागते. पुढील व्यवस्थापकाची बीजे येथेच दिसतात.

कर्णधारपद त्यांस एकदाच लाभले, तेही मोठ्या विचित्र रीतीने. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ हॉल व गिलख्रिस्ट ही तोफांची जोडी घेऊन आला, आणि भारतीय क्रिकेटची घडी पार विसकटली. पाच सामन्यांत भारताचे चार कर्णधार झाले! पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि शेवटी दिल्लीस अधिकारी. निवड समितीच्या कारभारावर याहून कडक टीका दुसऱ्या कोणास करता आली नसती. अधिकारी त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांनी दिल्लीस ६३ व ४० धावा केल्या, तीन बळीही मिळविले. पुण्याच्याच चंदू बोर्डे यांनी १०९ व ९६ धावा काढल्या, आणि सलग तीन पराभवांनंतर सामना अनिर्णित राहिला. त्यानंतर अधिकारी कसोटी क्रिकेट खेळले नाहीत. त्याच वर्षी दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, तो पाचही सामने गमावून परतला.

निवृत्तीनंतर ते तरुण खेळाडूंच्या शिक्षणाकडे वळले, आणि १९७१ च्या उन्हाळ्यात अजित वाडेकर यांचा संघ इंग्लंडला निघाला तेव्हा त्याचे व्यवस्थापक झाले. हा संघ वेस्ट इंडीजमध्ये नुकताच विजयी होऊन आलेला होता. त्याचे बळ फिरकी गोलंदाजीत होते. आता, वेगवान गोलंदाज यष्टी उडवून एकट्याच्या हिमतीवर बळी मिळवू शकतो. फिरकी गोलंदाजास ते क्वचितच साधते. त्याचा चेंडू बॅटीची कड घेऊन वर उडतो तो फलंदाजाच्या अगदी पायाशी, आणि तेथे जर तत्पर हात नसतील तर बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांची सारी विद्या फुकट जावयाची. भारतीय क्षेत्ररक्षण तोवर ढिलाईबद्दलच प्रसिद्ध होते. अधिकारी स्वतः आपल्या काळातील उत्कृष्ट क्षेत्ररक्षकांपैकी एक. शिवाय पेशा लष्करी. त्यांनी शिस्त, शारीरिक सिद्धता आणि झेलांचा अविरत सराव यांवर भर दिला. ही कवायत सर्वांसच गोड लागली असेल असे मानण्याचे कारण नाही.

फळ ओव्हलवर दिसले. पहिले दोन सामने अनिर्णित राहिलेले. तिसऱ्यात इंग्लंडचे ३५५, भारताचे २८४, म्हणजे पारडे इंग्लंडचेच जड. आणि मग दुसऱ्या डावात इंग्लंडचा सारा संघ १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखर यांचे ३८ धावांत सहा बळी सर्वांच्या स्मरणात आहेत. परंतु धावफलक जरा बारकाईने वाचावा. दहांपैकी सात गडी झेलबाद झालेले आहेत. फ्लेचर व नॉट यांना एकनाथ सोलकर यांनी बॅटीपासून हातभर अंतरावर टिपले, आणि डॉलिव्हेरा ज्याच्या हाती झेल देऊन परतले तो जयंतीलाल तर अकरा जणांतलाही नव्हे, बदली खेळाडू होता! राखीव माणूसही तितक्याच तयारीचा असणे, यास व्यवस्था म्हणतात. २४ ऑगस्ट रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, भारताने चार गडी राखून सामना जिंकला आणि त्याबरोबर इंग्लंडच्या भूमीवरील आपली पहिली मालिका. मुंबईत विजयी संघाचे स्वागत कसे झाले, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांस सांगावयास नको.

तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, पुन्हा इंग्लंड, पुन्हा कर्णधार वाडेकर आणि पुन्हा व्यवस्थापक अधिकारी. माणसे तीच, शिस्तही तीच. पण उन्हाळा ओला व गारठ्याचा होता आणि संघात एकोपा उरला नव्हता. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या, आणि भारताचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. त्यांतील नाबाद १८ सोलकरांच्या. तिन्ही सामने गेले. भारतीय उच्चायुक्तांच्या घरच्या मेजवानीस संघ उशिरा पोहोचला, यावरूनही मोठे वादळ उठले. म्हणजे व्यवस्थापकाचे जे जुने, कारभाऱ्याचे काम, तेही त्या वर्षी बिनसले. इकडे वाडेकरांच्या घरावर दगड पडले, आणि १९७१ च्या विजयाप्रीत्यर्थ इंदुरास उभारलेली प्रचंड बॅट लोकांनी विद्रूप केली. कर्णधारास निदान दगड तरी मिळाले. व्यवस्थापकाकडे १९७१ साली जसे फारसे कोणाचे लक्ष नव्हते, तसे आताही नव्हते.

पण हा धडा एकाने गिरविला होता, आणि तो म्हणजे खुद्द वाडेकर. १९७४ नंतर ते खेळातून निवृत्त झाले आणि स्टेट बँकेतील आपल्या कामास लागले. १९९० नंतरच्या काही वर्षांत, महंमद अझरुद्दीन कर्णधार असता, तेच भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. १९९३ च्या आरंभी इंग्लंडचा मायदेशी ३-० असा पाडाव झाला, तोही फिरकीच्याच बळावर. १९९४ च्या मार्चमध्ये ऑकलंड येथे सिद्धू आजारी पडले असता सचिन तेंडुलकर यास सलामीस धाडण्याचे कर्णधार व व्यवस्थापक यांनी ठरविले. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा फटकावल्या, आणि एकदिवसीय क्रिकेटचा पुढचा सारा इतिहास त्या एका निर्णयाने निराळा झाला. मात्र १३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात नाणेफेक जिंकून प्रथम क्षेत्ररक्षण पत्करले गेले, डाव ८ बाद १२० असा कोसळला, प्रेक्षकांनी ईडन गार्डन्सवर जाळपोळ केली आणि सामना श्रीलंकेस बहाल झाला. वाडेकरांच्या वाट्यास दगड दुसऱ्यांदा आले ते असे.

अधिकारी २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांनी व गुलाम अहमद यांनी दिल्लीस रचलेली १०९ धावांची अखेरच्या जोडीची भागी तेव्हाही भारतीय विक्रम म्हणून अबाधित होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात ढाक्यास तेंडुलकर व झहीर खान यांनी १३३ धावा जोडून ती मागे टाकली.