२३ एप्रिल : धर्मांचे तौलनिक अभ्यासक महर्षी शिंदे यांचा जन्म

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात (आता कर्नाटकात) झाला. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना ते प्रार्थना समाज या धर्मसुधारणावादी संस्थेकडे ओढले गेले. १९०१मध्ये युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. तेथे पाली ग्रंथांचे जाणकार एस्टलिन कार्पेंटर तौलनिक धर्मशास्त्र शिकवत. आपल्या धर्माचे मोठेपण सिद्ध करणे हा या विषयाचा हेतू नव्हता. प्रत्येक धर्म त्याच्या ग्रंथांतून, इतिहासातून आणि आचारातून समजून घ्यायचा, ही त्याची शिस्त होती. १९०३मध्ये अॅमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत शिंदे यांनी भारतातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

तौलनिक धर्मशास्त्राची ही विद्या त्यांनी पुस्तकात ठेवली नाही. माणसाला अस्पृश्य ठरवणारी रूढी धर्माच्या नावाने टिकू नये, या तळमळीने त्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन या अस्पृश्यांसाठीच्या संस्थेची स्थापना केली. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९३३मध्ये प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. परक्याचा धर्म आदराने वाचणारा माणूस स्वतःच्या धर्मातील अन्यायही स्पष्ट पाहू शकतो, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.