सिंगर शिवणयंत्रे, जुनी
जुन्या सिंगर शिवणयंत्राचे प्रतिरूप (मॉडेल) ओळखण्याची खरी खूण म्हणजे त्यातील खालचा दोरा वाहून नेणारी यंत्रणा होय. आयझॅक मेरिट सिंगर (१८११–७५) या अमेरिकन यंत्रनिर्मात्याने १२ ऑगस्ट १८५१ रोजी आपल्या शिवणयंत्राचे एकस्व (पेटंट) मिळविले. पुढे त्याच्या कंपनीची यंत्रे जगभर पसरली. यंत्रावरील सोनेरी नक्षी अनेक प्रतिरूपांत सारखी असते व लोखंडी स्टँड बदलता येतो. म्हणून केवळ बाह्यरूपावरून केलेले निदान फसवे ठरते.

सुईजवळची सरकती झाकणे उघडल्यास यंत्रणा दिसते. १८६५ च्या ‘न्यू फॅमिली’ (क्र. १२) यंत्रात होडीच्या आकाराचा धोटा सुईखालून आडवा, डावीकडून उजवीकडे व परत फिरतो. क्र. २७ व त्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश आकाराच्या क्र. २८ मध्ये बंदुकीच्या गोळीसारखा लांबट धोटा कंसाकार मार्गाने झुलतो. त्यातील बॉबिन लांब व बारीक असते. क्र. १५ मध्ये गोल बॉबिन उभी बसते, तर क्र. ६६ मध्ये ती वरून आडवी टाकतात.

पाटावर कोरलेला अनुक्रमांक वेगळी माहिती देतो. १९०० पासून त्याआधी रोमन अक्षर येऊ लागले. १९१० नंतरच्या यंत्रांत ‘एफ’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्याचे (१८८५–१९८०), तर ‘जी’ हे अमेरिकेतील एलिझाबेथपोर्टचे निदर्शक आहे. अनुक्रमांकांचे गट आधीच नेमून दिले जात. त्यामुळे नोंदींतील तारीख ही यंत्र तयार झाल्याची तारीख असेलच असे नाही. झाकणावरील एकस्वांच्या तारखांवरूनही निर्मितिवर्ष ठरत नाही. यंत्र त्यांतील शेवटच्या तारखेपूर्वीचे नसावे, एवढेच त्यांवरून अनुमानता येते.

या अभिज्ञानाला व्यावहारिक महत्त्व आहे. भारतात ‘उषा’ची प्रचलित काळी घरगुती यंत्रे क्र. १५ च्या रचनेवर आधारलेली असल्याने गोल बॉबिन सहज मिळते. मात्र ती क्र. २७ च्या धोट्यात बसत नाही. क्र. १२ ची सुईही आजच्या सर्वसाधारण घरगुती सुईहून वेगळी असते. अयोग्य सुईमुळे टाके सुटतात आणि वास्तविक सुस्थितीतील यंत्र नादुरुस्त समजून मोडीत काढले जाते. म्हणून प्रथम धोटा व बॉबिन, नंतर अनुक्रमांक व शेवटी नक्षी, या क्रमाने परीक्षण करणे इष्ट ठरते.