दोन फुले, दोन कामे

अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे कोरकू कुटुंबे मोहफुले वेचताना दिसतात. या फुलांत भरपूर साखर असते. ती वाळवून खातात. आंबवून, गाळून दारूही करतात. युरोपात बिअरमध्ये हॉपची फुले घालतात. पण बिअरची साखर मोड आलेल्या बार्लीतून येते. मग हॉप कशासाठी?

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन कारखान्याची पेल एल जहाजाने हिंदुस्थानात येई. आफ्रिकेला वळसा घालणारा हा प्रवास कित्येक महिन्यांचा. भरपूर हॉप घातलेली बिअर त्यात आंबत नसे. हॉपमधील कडू आम्ले दह्यातल्या लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंना रोखतात, यीस्टला नाही. उकळताना ही आम्ले रूप बदलतात आणि अधिक विरघळतात. सुगंधी तेले मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप आधी घालतात, वासासाठी शेवटी.

मोहाच्या दारूला असा राखणदार लागत नाही. ऊर्ध्वपातनाने वाढलेले अल्कोहोलच तिला टिकवते. एका रीतीला शास्त्र आणि दुसरीला अडाणीपणा म्हणण्यापूर्वी आपण एवढे लक्षात ठेवू: पाश्चरने १८५७ मध्ये आंबण्यामागचे सूक्ष्मजीव दाखवले. त्याआधीच दोन्हीकडच्या लोकांनी केवळ चवीच्या आणि वासाच्या अनुभवावर त्यांना कामाला लावले होते.