मागं जाणारी गोष्ट

आमच्या पिढीला खून नि गुप्तहेर यांचं वेड लावलं ते बाबूराव अर्नाळकरांनी. त्यांचा धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू देहूरोडच्या आसपासच्या गावांतही हातोहात फिरत. पुस्तक दहा घरं हिंडून आलं, की शेवटचं पान गळालेलं असायचं. मग खुनी कोण, ते आधी वाचलेल्याला विचारावं लागे.

मराठी पडद्यावर असंच रहस्य रंगवलं राजा परांजप्यांनी. 'लाखाची गोष्ट', 'जगाच्या पाठीवर' देणाऱ्या या माणसानं १९६४ साली 'पाठलाग' काढला. मूळ कादंबरी जयंत देवकरांची, 'आशा परत येते'. कामं काशिनाथ घाणेकर आणि भावना यांची. यात बाहेरचा गुप्तहेर नाही. नवरा वकील, बायको गेल्याच्या दुःखात बुडालेला. तेवढ्यात पोलिसांनी धरलेली एक बाई, हुबेहूब तश्शीच, म्हणते, मीच तुमची बायको! आता शोध त्यालाच घ्यायचा. पुढं १९६६ साली राज खोसलांनी यावरच हिंदीत 'मेरा साया' केला, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन.

गोष्ट पुढं सरकते ती मागं जाऊन. बाई आठवण सांगते, पडदा जुन्या दिवसांत जातो, परत कोर्टात येतो. तंबूतल्या सिनेमात मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलताना दिवा लागायचा. तेवढ्यात मातीत बसलेल्या लोकांची वादावादी सुरू. ती खरी का खोटी?

हा वाद आमच्या भागाला जवळचा होता. देहूरोडला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराचा डेपो झाला. नंतर पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, मग चाकणला. शेतं गेली, बांध गेले. म्हातारी माणसं कुंपणाकडं बोट करून सांगायची, तिथं आंबा होता, इकडं विहीर, बांधाला बोरी. ऐकणारा म्हणायचा, "कागद आहे का? सातबारा दाखवा." कागद कुणाकडं असे, कुणाकडं नसे. आंबा मात्र सगळ्यांना आठवायचा.

त्या बाईचंही तेच. तिच्याजवळ दाखवायला होत्या त्या फक्त संसारातल्या बारीकसारीक खुणा, नवरा-बायकोशिवाय कुणाला ठाऊक नसलेल्या. वकील पुरावा मागतो, ती आठवण सांगते.

शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहावा. कागद खोटा असू शकतो, आठवणही चुकू शकते. पण माणूस मागचं सांगायला बसला, तर त्याला मधेच तोडू नये. पुरतं ऐकून घ्यावं, मग काय तो निवाडा करावा.