सारनाथचे सिंह आणि आपला एक जातभाई

स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की तो शिवकालाचा नाही तर पेशवाईचा, हे आपल्याकडे ठरून गेलेले आहे. यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे बोट दाखवले. मी पडलो सिव्हिलचा डिप्लोमावाला, रूळ, पूल आणि खडी यांत नोकरी चाललेली. पण बदली होऊन बनारस भागात आल्यापासून काशीयात्रेला आलेल्या पाहुण्यांना सारनाथला नेण्याचे काम बिनतक्रार माझ्याकडे असते, आणि तिथल्या सिंहांविषयी हळूहळू बरेच वाचून झाले. ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या खिशातल्या नाण्यावर, नोटेवर, पासपोर्टवर हे सिंह असतात. जगातल्या बहुतेक देशांची राजचिन्हे चित्रकाराने कागदावर तयार केलेली आहेत. युरोपात तर ढाल, मुकुट आणि दोन्ही बाजूंना पंजे उगारलेली जनावरे हा ठरलेला साचाच आहे. इंडोनेशियाने आपला गरुड घेतला आणि त्याच्या पिसांत स्वातंत्र्याची तारीख मोजून बसवली: प्रत्येक पंखात १७, शेपटीत ८, मानेवर ४५, म्हणजे १७ ऑगस्ट १९४५. मोझांबिकच्या चिन्हात चक्क रायफल आहे! आपले चिन्ह मात्र सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराने दगडात घडवलेली खरीखुरी वस्तू आहे. ती वस्तू आपल्या हाती लागली कशी, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

अशोकाने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात हा स्तंभ उभारला. दगड चुनारचा वालुकाश्म. स्तंभावर ब्राह्मी लिपीत आज्ञा कोरलेली आहे की, जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे देऊन संघाबाहेर काढावे. पुढे कधीतरी स्तंभ मोडून पडला, मातीखाली गेला, आणि सारनाथ म्हणजे विटादगडांची फुकटची खाण झाली. १७९४ साली जगतसिंग नावाच्या गृहस्थाच्या माणसांनी बांधकामाला विटा हव्यात म्हणून एक अख्खा स्तूप उकलून नेला. १८३५ च्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी इथे खणून मूर्ती गोळा केल्या. काही कलकत्त्याला गेल्या, उरलेल्या जागेवरच राहिल्या. पुढे वरुणा नदीवर पूल बांधताना ४८ मूर्ती आणि कोरीव दगड गाड्यांतून नेऊन नदीत टाकले. कशासाठी? तर पुलाच्या खांबांना पाण्याचा मार लागू नये म्हणून! दुसऱ्या, लोखंडी पुलासाठी आणखी पन्नास-साठ गाड्या दगड गेला.

पुलाच्या खांबाभोवतीची माती पाण्याने खरवडून जाते, म्हणून तिथे मोठे दगड टाकावे लागतात, हे मी रोजच्या कामातून जाणतो. हाताशी दगड आहे, वाहतूक जवळची आहे, अंदाजपत्रक कमी होते. त्या माणसाने कागदावर चूक काहीच केले नसेल. पण तो दगड कसला आहे हे वळून पाहावे, असे त्याला वाटले नाही. आमच्या रेल्वेवाल्यांनीही हडप्पाला तेच केले. लाहोर-मुलतान मार्गावर सुमारे शंभर मैल रुळांखाली हडप्पाच्या विटांची खडी अंथरली गेली. असो.

आणि मग आला आणखी एक इंजिनिअर. फ्रेडरिक ऑस्कर ओर्टेल. जन्माने जर्मन, शिक्षण आपल्याच रुरकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात. बनारसला एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर असताना परवानगी मिळवून त्यांनी १९०४-०५ च्या हिवाळ्यात सारनाथला उत्खनन केले. त्या एका हंगामात ४७६ शिल्पे व वास्तूंचे अवशेष आणि ४१ शिलालेख निघाले. मुख्य मंदिराच्या पश्चिमेला आधी स्तंभाचा जागेवर उभा असलेला बुंधा सापडला आणि जवळच सिंहशीर्ष. म्हणजे एका खात्याच्या हिशोबाने जो नुसता दगड होता, तो त्याच पेशातल्या दुसऱ्या माणसाने ओळखला. मला या ओर्टेलसाहेबांचे नाव आमच्या शिक्षणात एकदाही ऐकायला मिळाले नव्हते, याचे वाईट वाटते.

सिंहशीर्षाची उंची साधारण सात फूट. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, खाली गोल पट्ट्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, त्यांच्यामध्ये २४ आऱ्यांची चार चक्रे, आणि सर्वांत खाली उलटे कमळ. सगळे एकाच दगडात! त्यावरची झिलई आजही अशी की हात फिरवावासा वाटतो (रखवालदार फिरवू देत नाही, ते बरेच आहे). पाहुण्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे सिंह मुळात सर्वांत वर नव्हते. त्यांच्या डोक्यावर एक मोठे ३२ आऱ्यांचे धर्मचक्र होते, सिंह ते पेलत होते. ते चक्र फुटले, त्याचे तुकडे सापडले. आपल्या राजचिन्हात ते नाही, खालचे कमळही नाही. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने स्वीकारलेल्या ध्वजावरचे चक्र २४ आऱ्यांचे, म्हणजे पट्ट्यावरच्या चक्रासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर नोटेवरच्या इंग्रज राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे असा आधी विचार होता. अखेर ठरले सिंहशीर्ष, आणि १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते आले. २६ जानेवारी १९५० ला ते अधिकृत राजचिन्ह झाले. ‘सत्यमेव जयते’ हे शब्द मूळ दगडावर नाहीत. ते मुंडकोपनिषदातून घेऊन खाली जोडले. संविधानाच्या मूळ प्रतीसाठी शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली जे काम झाले, त्यात सिंहाचे चित्र काढले मुलताई, जिल्हा बैतूलच्या दीनानाथ भार्गव यांनी. खरे सिंह पाहायला ते कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जात, असे त्यांच्या घरचे सांगत.

११ जुलै २०२२ ला नव्या संसद भवनावरच्या साडेसहा मीटर उंच, ९५०० किलो वजनाच्या काशाच्या सिंहांचे अनावरण झाले, तेव्हा ते फार रागीट दिसतात म्हणून बराच वाद झाला. माझे मत विचाराल तर मूळ सिंहांचाही जबडा उघडाच आहे, पण चेहऱ्यावर जी शांतता आहे ती काशात उतरलेली नाही.

राजचिन्हाच्या गैरवापरावर २००५ चा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी आमच्याकडे एका ठेकेदाराच्या लेटरहेडवर तिन्ही सिंह मोठ्या ऐटीत बसलेले मी पाहिले आहेत.

मूळ सिंह सारनाथच्या संग्रहालयात आत शिरताच समोर दिसतात, आणि स्तंभाचा बुंधा समोरच्या उत्खननात जिथल्या तिथे आहे. दोन्ही पाहा, बहुतेक जण बुंधा न पाहताच परततात. मात्र पाहुण्यांना शुक्रवारी नेऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.